आधुनिक भौतिकीची दोन दिवसांची कार्यशाळा माझ्या गळ्यात पडली आहे. काय घेऊ, काय सोडू?

सत्तरीची_टीचर

नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. चौदा वर्षं झाली. पदवी रसायनशास्त्राची. फिजिक्सचा शेवटचा पेपर दिला तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्यातही ऑप्टिक्स ऑप्शनला टाकलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'मॅडम, एवढं तर येतच असेल तुम्हाला' असं कुणी म्हणणार नाही. येत नाही.

२०२५ हे युनोनं क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हापासून आमच्याकडे जो तो 'मॉडर्न फिजिक्स' म्हणायला लागलाय. त्या लाटेत मी एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले. कुठे ते सांगत नाही. वक्ते विद्वान होते, स्वभावानं गोड होते आणि त्यांच्याकडे एकशे बारा स्लाइडी होत्या. क्वार्कचे रंग, हिग्ज, स्ट्रिंग, सगळं सकाळी दहा ते एक. मध्ये मध्ये 'क्लिअर?' असं विचारायचे आणि आम्ही चाळीस जण माना हलवायचो. माझ्या मागे केप्याची एक टीचर बसली होती, ती शांतपणे पहिल्या युनिट टेस्टचे पेपर तपासत होती. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आला. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. मीही दिले. खोटं कशाला बोलू, बस चुकेल या भीतीनं दिले.

परत आले त्या आठवड्यात नववीतल्या एका मुलानं हात वर केला. त्याचे वडील खाणीवर ट्रक चालवतात, ट्रकाला जीपीएस लावलंय. 'टीचर, आयन्स्टायन नासलो जाल्यार जीपीएस चलपाचें ना, खरें?' यूट्यूबवर पाहिलं होतं त्यानं. मी म्हटलं, हो, उद्या सांगते. त्या 'उद्या'ला आता चार महिने झाले. मुलगा शहाणा, पुन्हा विचारत नाही, पण माझ्याकडे बघतो.

आता गंमत ऐका. 'तुम्ही ती कार्यशाळा केली आहे ना' म्हणून आमच्या शिक्षकांच्या गटानं तालुक्यापुरती कार्यशाळा माझ्यावर सोपवली. चोवीस शिक्षक, शनिवार-रविवार, मिळून बारा तास. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण म्हटलंय, त्यात हे धरलं जाईल, म्हणून लोक येतील हे नक्की. हातात सहा हजार रुपये आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन मल्टिमीटर (एकाची बॅटरी मेलेली), एक सुवर्णपत्र विद्युतदर्शी (विद्युतभार दाखवणारं) ज्याचं सुवर्णपत्र कुणीही पाहिलेलं नाही, आणि भिंगं पोतंभर.

मला एवढंच ठरवायचंय: बारा तासांत काय घेऊ की सोमवारी वर्गात गेल्यावर त्यातलं काहीतरी शिल्लक असेल? स्लाइडी नकोत असं मनात आहे, पण स्लाइडी नसतील तर मी काय बोलणार हेही मला माहीत नाही.

---

बार्देशकर

टीचर, अनुभवाचे बोल सांगतो. दीपप्रज्वलन ठेवू नका. समई, वात, तेल, काडेपेटी, पाहुणे आणि फोटो यांत पाऊण तास जातो, आणि बारा तासांतला तो पहिलाच पाऊण तास असतो. जेवण बरोबर एक वाजता द्या. उसळ-पाव चालेल, पण वेळेवर. बाकी क्वार्क वगैरे ज्याचं त्यानं बघावं.

सर्टिफिकेट आधी छापून ठेवा आणि शेवटी द्या. आधी दिलीत तर रविवारी दुपारी तुम्ही आणि शिपाई दोघेच उराल.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर

टीचर, मी म्हापशाला एका हायर सेकंडरीच्या फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. शिकवणारा नव्हे, उपकरणं जोडून देणारा आणि मोडली की शिव्या खाणारा. तेव्हा सिद्धांत मला विचारू नका, हातानं करायचं विचारा.

तुमचं ते विद्युतदर्शी कपाटातच राहू दे. प्रकाशविद्युत परिणाम (प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) दाखवायचा म्हणून लोक जस्ताची पट्टी आणि अतिनील दिवा घेऊन बसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की विद्युतभार पट्टीवर ठरतच नाही. दिवा लावायच्या आधीच पानं मिटतात आणि वर्ग टाळ्या वाजवतो. एकदा माझं हसं झालंय, तुमचं कशाला?

त्याऐवजी अंधारात चमकणारे तारे आणा. मुलांच्या खोलीच्या छताला चिकटवतात ते, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एक पाकीट घ्या आणि लाल, हिरवा, निळा असे एलईडी घ्या. खोलीत अंधार करा, तारा आधी पूर्ण विझू द्या, मग लाल प्रकाश धरा. पाच मिनिटं धरा, दहा मिनिटं धरा, चार लाल एलईडी एकत्र धरा. काही होत नाही. आता एकच निळा दोन सेकंद धरा. तारा पेटतो. शिक्षकांना आधी विचारा, काय होईल? सगळे म्हणतील, लाल जास्त वेळ धरला तर थोडं तरी चमकेल. ते चुकतील आणि चुकल्यावर गप्प होतील. ती शांतता मोडू नका. माझ्या अनुभवात अख्ख्या क्वांटमची दारं तिथे उघडतात. मात्र हा प्रकाशविद्युत परिणाम आहे असं सांगू नका, इथे इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. नाही पेटत त्याचं कारण एकेका लाल कणाकडे पुरेशी ऊर्जा नसते. दहा लाल मिळून एका निळ्याचं काम होत नाही.

दुसरी गोष्ट प्लांकचा स्थिरांक, म्हणजे एका प्रकाशकणाची ऊर्जा भागिले त्याची वारंवारता. नाव ऐकून घाबरू नका. नऊ व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलायचा), ३३० ओहमचा रेझिस्टर, एलईडी, मल्टिमीटर. पॉट हळूहळू फिरवायचा आणि एलईडी पहिल्यांदा जेमतेम दिसेसा झाला की त्याच्या दोन पायांवरचा व्होल्टेज लिहायचा. तो प्रकाश फार मंद असतो, म्हणून एलईडीवर अगरबत्तीचं पुठ्ठ्याचं नळकांडं बसवून एक डोळा लावून बघायचं. त्यासाठी माझ्या बायकोनं एका वर्षी देव्हाऱ्यात किती अगरबत्त्या सोडल्या याचा हिशेब नाही. मग व्होल्टेज गुणिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार गुणिले तरंगलांबी, भागिले प्रकाशाचा वेग. बारा गटांना सामान मिळून दीड हजारात बसेल. मल्टिमीटर मात्र मागून आणावे लागतील.

पांढरा एलईडी घेऊ नका. तो मुळात निळा असतो, वर पिवळा लेप. पण एखादा शिक्षक घेऊन येईलच, तर त्याला दामटू नका. त्याच्याकडूनच मोजून घ्या आणि पांढऱ्याचा व्होल्टेज निळ्याइतका का येतो ते त्यालाच शोधू द्या.

तिसरं, चिंचोके. चिंचोका फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. सारीपाटाला घेतो तसे. प्रत्येक गटाला शंभर फाका. ओंजळीत घेऊन जमिनीवर टाकायच्या, पांढरी बाजू वर आली ती बाजूला, उरलेल्या मोजायच्या, पुन्हा टाकायच्या. आलेख काढा. अर्धायुष्य (निम्मे अणू सरायला लागणारा काळ) म्हणजे काय ते व्याख्येनं कळत नाही, यात कळतं. आणि इथे एक बारीक जागा आहे, ती सोडू नका. पाच फेऱ्यांत जी फाक वाचली ती सहाव्या फेरीत 'आता तरी' जाईल असं शिक्षकांनाही वाटतं. नाही. किरणोत्सारी अणू म्हातारा होत नाही. काल तयार झालेला आणि हजार वर्षं टिकलेला, दोघांना आजचा धोका सारखाच. कोणता जाणार हे सांगता येत नाही, शंभरातले किती जाणार हे सांगता येतं. फाक नेमकी निम्म्या वेळा पांढरी पडत नाही, तेही चांगलंच. मग अर्धायुष्य एक फेरी न येता सव्वा किंवा पाऊण येतं, आणि ते मोजावंच लागतं.

पेट्रोमॅक्सची जुनी मेंटलं थोरियमची असायची, दशावताराच्या बत्त्यांची. काही जण ती किरणोत्सार दाखवायला आणतात. मी शाळेत आणत नाही. ते ठिसूळ असतं, त्याचा चुरा नाकात जातो. चिंचोके बरे.

एवढंच. एका दिवसात दोन प्रयोग, जास्त नाही. उरलेल्या वेळात लोकांना आपापसात भांडू द्या.

---

चोडणची_फेरी

जुन्या सरांच्या एलईडीला माझी एक पुरवणी, नाहीतर रविवारी कुणीतरी तुम्हाला कोंडीत पकडेल. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो.

उत्तर कमी येणार. लाल ६३० नॅनोमीटरचा असेल तर फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा १.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, पण डोळ्याला तो १.६५ व्होल्टलाच दिसायला लागतो. कारण खोलीच्या तापमानाला काही इलेक्ट्रॉनांकडे सरासरीपेक्षा जास्त ऊर्जा असते, आणि अंधाराला सरावलेला डोळा फार थोडा प्रकाशही टिपतो. त्यामुळे पंधरा टक्क्यांनी कमी आलं तर प्रयोग फसला असं समजू नका. दुसरं, वेगवेगळ्या रंगांचे बिंदू घेऊन रेषा काढून तिच्या चढावरून स्थिरांक काढायला जाऊ नका. लाल आणि निळा एलईडी वेगवेगळ्या पदार्थांचे असतात, चढ भलताच येतो. जुन्या साठ्यातला पोपटी-हिरवा तर जवळपास लालाइतक्याच व्होल्टला लागतो. शिक्षकांना सरळ सांगा की यातून स्थिरांकाचा अंदाज येतो, मोजमाप नव्हे. २०१९ पासून तर प्लांकचा स्थिरांक मोजायची गोष्टच राहिली नाही. ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात असा तो नेमका ठरवून टाकला आणि किलोग्रॅमची व्याख्या त्याच्यावर बेतली.

रॉबर्ट मिलिकनची गोष्ट मात्र जरूर सांगा. आइन्स्टाइननं १९०५ मध्ये प्रकाशाचे कण मानून प्रकाशविद्युत परिणामाचं समीकरण मांडलं. मिलिकनला ते पटेना. वर्षानुवर्षं खपून त्यानं धातूचे पृष्ठभाग निर्वातात घासून स्वच्छ केले, मोजलं, आणि १९१६ मध्ये समीकरण अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर निघालं. तरी 'प्रकाशकण' ही कल्पना त्याला मान्य नव्हतीच. स्वतःच्या मताविरुद्ध आलेलं उत्तर त्यानं छापलं. विज्ञान शिक्षकांसमोर हे सांगण्यासारखं आहे, कारण प्रॅक्टिकलला उत्तर आधी आणि रीडिंग मागून ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे.

आता तुमच्या ट्रकवाल्याच्या मुलाचं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात. निव्वळ ३८ पुढे. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो, आणि सगळा हिशेब प्रकाशाला लागलेल्या वेळावरच असतो. म्हणून घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ हवी असली तरी जमिनीवरून निघतानाच ती किंचित कमी, १०.२२९९९९९९५४३, अशी लावून पाठवतात.

पण यूट्यूब म्हणतं तसं 'आइन्स्टाइन नसता तर चाललंच नसतं' हे थोडं ताणलेलं आहे. जमिनीवरची केंद्रं उपग्रहांच्या घड्याळांना दुरुस्त्या पाठवतच असतात. घड्याळं पळतायत हे इंजिनियरांना दिसलं असतं, त्यांनी मागे ओढली असती. फक्त ती का पळतात हे कुणाला कळलं नसतं. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

सापेक्षतेची सुरुवात करायची तर शिक्षकांना फेरीत बसवा, निदान मनातल्या मनात. रायबंदरहून चोडणला जाताना फेरी संथ चालली असेल तर हातातलं नाणं वर उडवलं तरी हातातच पडतं. डोळे मिटले तर आपण चाललोय की धक्क्याला लागलोय ते कळत नाही. गॅलिलिओनं १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन हेच सांगितलं. आइन्स्टाइननं त्यात एवढीच भर घातली की फेरीवरून टॉर्च मारला तर तिचा उजेड काठावरच्या माणसालाही त्याच वेगानं जाताना दिसतो. ही एवढीशी भर पचवायला दोन तास द्या. समीकरण काढू नका.

आणि वेळ ताणला जातो याचा पुरावा पाहिजे तर अंगठ्याचं नख पुढे करायला सांगा. मिनिटाला साधारण एक म्युऑन नावाचा कण त्यातून आरपार जातो. हे कण पंधरा किलोमीटर उंचीच्या आसपास तयार होतात, सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानं पळाले तरी साडेसहाशे मीटरच्या थोडं पुढे, म्हणजे वाटेतच संपायला हवेत. नखापर्यंत पोचतात, कारण आपल्या घड्याळानं त्यांचं आयुष्य लांबतं. हे कण डोळ्यांनी बघायचे तर क्लाउड चेंबर (कणांची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणारी पेटी) लागतं, आणि त्याला ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). साधा बर्फ आणि मीठ उणे २१ अंशांच्या खाली जात नाही, ते पुरत नाही. पहिल्या कार्यशाळेला त्या नादी लागू नका. पुढच्या वर्षी बघू.

---

पेडण्याचा_मराठीवाला

मी विज्ञानातला नव्हे, पेडण्यात मराठी शिकवतो. पण इथे एक गोष्ट राहून गेली म्हणून लिहितो.

आमची मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात, पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम, आणि घरी कोंकणी. क्वांटम हा शब्द त्यांना तिन्ही भाषांत परका. पुस्तकात 'पुंज' दिलाय. बरा शब्द आहे, पण मुलांना त्यावरून नक्षत्रांचा पुंजका आठवतो आणि गाडी भलतीकडे जाते.

आपण नारळ मोजून घेतो, तेल मापून घेतो. बाजारात कुणी 'दोन लिटर नारळ द्या' म्हणत नाही आणि 'सात तेलं द्या' असंही म्हणत नाही. कोंकणीतही मेजप वेगळं, मापप वेगळं. उजेड ही तेलासारखी मापायची वस्तू आहे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ती नारळासारखी मोजायची निघाली. माझ्या अडाण्याच्या समजुतीप्रमाणे सगळी भानगड एवढीच ना? चुकत असेन तर चोडणकरांनी कान धरावा.

आणि एक विनंती. दुपारच्या सत्रात ऋषिमुनींना क्वांटम ठाऊक होतं असं सांगणारा वक्ता आणू नका. आमच्या वेळी आणला होता. तो बोलत होता तोवर मी एका गझलेचे दोन शेर पुरे केले.

---

चोडणची_फेरी

कान धरायचं कारण नाही. एकच दुरुस्ती: नारळ सगळे साधारण सारखे, इथे निळा नारळ लालापेक्षा 'जड'. ताऱ्याच्या प्रयोगात तेच दिसतं. बाकी हा दाखला मी उद्या एफ. वाय.च्या वर्गात वापरतोय, परवानगी गृहीत धरून.

---

सत्तरीची_टीचर

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी. मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) आली, गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारी फळं शोधण्यात आठवडा गेला.

परवाच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सहा शिक्षकांनी रंगीत तालीम केली. जे झालं ते झालं तसं सांगते.

तारा: जुन्या सरांनी सांगितलं तसंच. सहापैकी पाच जण 'लाल जास्त वेळ धरा' म्हणाले, त्यात मी पहिली. सहावी आमची गणिताची टीचर. ती म्हणाली, मला माहीत नाही, आधी करून बघूया. तिला विज्ञान द्यायला हवं होतं. खोलीत अंधार करणं मात्र जड गेलं. पडदे नाहीत, शेवटी स्टोअररूममध्ये जुन्या बाकांच्या मागे सहा जण उकिडवे बसलो. शिपाई दार उघडून बघून गेला आणि काही न बोलता दार लावलं.

चिंचोके: शंभर, छप्पन्न, एकतीस, अठरा, नऊ. अठरावरून नऊ झाल्यावर आमचे पीटीचे सर, ते उगाच गंमत बघायला आले होते, म्हणाले, 'हे नऊ आता थकले असणार.' मी त्यांना मिठीच मारणार होते. 'थकत नाहीत' हे त्यांना पटवता पटवता मला पटलं.

एलईडी: इथे खरी गोष्ट घडली. लाल १.६५ व्होल्ट, उत्तर ५.५ आलं (पुढचा दहाचा उणे चौतिसावा घात सगळीकडे धरून चला). निळा ४७० नॅनोमीटरचा, २.४५ व्होल्ट, उत्तर ६.१५. दुसऱ्या गटाचं उत्तर आलं ६.६. नेमकं पुस्तकातलं. मी रीडिंग बघितलं तर निळ्यापुढे २.६३ लिहिलेलं. पुन्हा मोजा म्हटलं. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातले एक, माझ्याहून दहा वर्षांनी सीनियर, म्हणाले, 'टीचर, उत्तर माहीत होतं, मागून व्होल्टेज काढला.' हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी सांगितलं की कॉलेजात त्यांच्या जर्नलमध्ये गुरुत्वत्वरण नेहमी ९.८ यायचं, लंबक न हलवता. आणि आता ते स्वतः मुलांच्या जर्नलवर सही करताना ९.८ नसलं की लाल गोल काढतात.

त्यावर आम्ही पाऊण तास बोललो. क्वांटम बाजूलाच राहिलं. मिलिकनची गोष्ट मी तेव्हा सांगितली, आधी ठरवलेल्या जागी नव्हे. त्यानंतर त्यांनी पुन्हा मोजलं, नळकांड्याला डोळा लावून. २.५ आलं, उत्तर ६.३. त्यांनी ते खोडाखोड न करता लिहिलं आणि शेजारी 'पुस्तकापेक्षा कमी' असंही लिहिलं.

म्हणून आता आखणी अशी आहे. शनिवारी सकाळी तारा, कुणालाही काही न सांगता. मग एलईडी, दुपारपर्यंत, आणि प्रत्येक गटाचं उत्तर फळ्यावर, जसं आलं तसं. उत्तर जुळलं तर बक्षीस नाही, न जुळलं तर का ते सांगायचं. दुपारी नारळ आणि तेल (मराठीवाल्या सरांनी येऊन सांगावं, वाळपईला येणाऱ्या बसचं तिकीट माझ्याकडून). रविवारी सकाळी चिंचोके, मग फेरी. हिग्ज नाही, स्ट्रिंग नाही. शेवटच्या तासाला प्रत्येकानं आपल्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासात यातलं एक काय करणार ते लिहायचं. समई नाही. जेवण एक वाजता.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. नववीच्या पुस्तकात थॉमसन, रदरफोर्ड आणि बोर आहेत, पण दहावीचा प्रकाश म्हणजे आरसे आणि भिंगं. तिथे फोटॉन कुठे घुसवायचा? काही जण म्हणतील, परीक्षेला नाही तर कशाला. याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि विषयच भिडला नाही असे चार-पाच जण असतीलच, त्यांचं काय करायचं तेही कळत नाही.

त्या मुलाला मात्र सांगितलं. ३८ मायक्रोसेकंद आणि ११ किलोमीटर, आणि इंजिनियरांनी घड्याळं मागे ओढली असती तेही. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, 'म्हणजे पप्पांचो ट्रक वाट चुकपाचो ना, पूण कित्याक तें कळपाचें ना.' मी हो म्हटलं. मग विचारतो, घड्याळ वर जास्त पळतं तर मग आमच्या इथल्या सोनसोगड डोंगराच्या माथ्यावरही पळत असेल का? चोडणकर, याचं काय सांगू? अंदाज नको, आकडा हवाय त्याला.

आणि मल्टिमीटर अजून सात कमी पडतायत. कुणाकडे दोन दिवसांसाठी असतील तर सांगा, मी वाळपईच्या बसस्टँडवर येऊन घेऊन जाईन आणि सोमवारी बॅटरीसकट परत करीन.

---

चोडणची_फेरी

हजार मीटर उंचीला घड्याळ दिवसाला साधारण साडेनऊ नॅनोसेकंद पुढे पळतं. नॅनो, मायक्रो नव्हे. शाळेच्या घड्याळानं कळणार नाही, पण अणुघड्याळानं कळतं. त्याला गणित करूनच द्या: गुरुत्वत्वरण गुणिले उंची, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, आणि त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणायचं. नववीच्या मुलाला जमतं. ९.८ घेतलं तरी इथे चालेल.

तीन मल्टिमीटर माझ्याकडे आहेत. शुक्रवारी कदंबाच्या बसनं पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे.

---

जुना_डेमॉन्स्ट्रेटर

चार माझ्याकडे. त्यातल्या एकाचा काळा प्रोब सैल आहे, बोटानं दाबून धरावा लागतो. तो पीटीच्या सरांना द्या.